शालेय कबड्डीपटूंच्या दुखापती टाळण्यासाठी मनाची बाजू कशी सांभाळावी

आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत, गुण मिळवलाच पाहिजे अशा तिसऱ्या चढाईचे शेवटचे आठ-दहा सेकंद उरले आहेत आणि रेषेबाहेरून सर ओरडत आहेत. अशा वेळी सोळा वर्षांच्या चढाईपटूच्या शरीरात जे घडते, ते त्याच्या गुडघ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि वळताना गुडघा नेहमीइतका वाकत नाही. नजर डाव्या कोपऱ्यावर खिळलेली असते, त्यामुळे उजवीकडून झेपावणारा मध्यरक्षक क्षणभर उशिरा दिसतो. पाय मॅटवर रोवलेला, धड वळलेले आणि त्यातच बाजूने बसलेली धडक, अशा स्थितीत गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याची भीती मोठी असते. नंतर चर्चा होते ती मॅटची, बुटांची आणि धडक देणाऱ्याची. आवळलेले स्नायू आणि आखडलेली नजर यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

ही साखळी क्रीडामानसशास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स यांनी १९८८ मध्ये ताण आणि दुखापत यांचे नाते मांडणारे प्रारूप प्रसिद्ध केले आणि दहा वर्षांनी त्यात सुधारणा केली. खेळाडूचा स्वभाव, त्याच्या आयुष्यात अलीकडे आलेले ताण (यात पूर्वीची दुखापतही आली) आणि ताण पेलण्यासाठी त्याच्यापाशी असलेले बळ, या तिन्हींवरून कसोटीच्या क्षणी त्याचे अंग किती आवळेल आणि लक्ष किती ढळेल हे ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २०१७ मध्ये आंद्रेआस इव्हारसन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दुखापतींशी अधिक संबंध दिसला तो ताणाच्या इतिहासाचा आणि ताणाला शरीर-मन देत असलेल्या प्रतिसादाचा. शिवाय मानसिक प्रशिक्षण मिळालेल्या गटांमध्ये दुखापती कमी आढळल्या. शाळेच्या क्रीडाशिक्षकासाठी यातील कामाची गोष्ट अशी की, मुलाचा स्वभाव बदलणे त्याच्या हाती नसले तरी ताण कमी करणे आणि आधार वाढवणे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मनाची बाजू सांभाळली म्हणजे वॉर्म-अप, उडी मारून नीट उतरण्याचा सराव, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि जोड न उचकटलेली मॅट यांची गरज संपते, असे मुळीच नाही. फुटबॉलमधील ‘११+’ या वॉर्म-अप कार्यक्रमाने दुखापती स्पष्टपणे कमी होतात हे अनेक देशांत दिसून आले आहे, आणि तसे व्यायाम कबड्डीच्या मुलांनाही करता येण्यासारखे आहेत. पण त्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: जे संघ हा कार्यक्रम नियमाने करतात, त्यांनाच त्याचा पूर्ण लाभ होतो. म्हणजे शारीरिक उपायही अखेर सवयीवर आणि इच्छेवर, अर्थात मनावरच येऊन ठेपतात.

हंगामाआधी प्रत्येकाशी एकट्याने बोलावे

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या एकामागून एक येतात आणि दिवाळीआधीची सत्र परीक्षा नेमकी त्यांच्या मधोमध पडते. दहावी-बारावीच्या मुलांना क्रीडा सवलतीचे गुण मिळवायचे असतात, कोणाला क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश हवा असतो, आणि पुढे नोकरीत खेळाडूंसाठी असलेले आरक्षण घरच्यांच्या डोळ्यांसमोर असते. अशा मुलासाठी एका सामन्याची किंमत आपण समजतो त्यापेक्षा बरीच मोठी असते. ती किंमत किती आहे, हे माहीत असल्याशिवाय तो दुखणे का लपवतो ते कळणार नाही.

म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. हे बोलणे संघासमोर नव्हे, तर मैदानाच्या कडेला सर्वांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा ठिकाणी व्हावे. गेल्या वर्षी काय दुखले होते आणि ते कोणाला सांगितले होते, येथून सुरुवात करावी. ‘कोणालाच नाही’ असे उत्तर आले तर ते वहीत अधोरेखित करून ठेवावे, कारण पूर्वीची दुखापत हा पुढच्या दुखापतीचा मोठा इशारा असतो आणि लपवण्याची सवय त्याहून मोठा. मग घरात अलीकडे काय बदलले, झोपायला किती वाजतात, शिकवणी कोणत्या वेळेला असते, हे विचारावे. अखेरचा प्रश्न असा असावा: ‘या वर्षी निवड झाली नाही, तर काय होईल असे वाटते?’ ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारा मुलगा आणि ‘बाबा खेळ बंद करतील’ म्हणणारा मुलगा एकाच गुडघ्याने खेळत असले, तरी त्यांची जोखीम एक नसते.

या बोलण्यातून सर्व अडचणी सुटतील अशी अपेक्षा नाही, आणि तशी गरजही नाही. रोनाल्ड स्मिथ, फ्रँक स्मॉल आणि जॉन टॅसेक यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यातील ताण आणि दुखापत यांचा ठळक संबंध त्यांना ज्या मुलांमध्ये दिसला, त्यांच्याकडे आधाराची माणसेही कमी होती आणि ताण हाताळण्याची कौशल्येही कमी होती. दोन्हींपैकी एक बाजू जरी भक्कम असली, तरी ताण तितका बाधत नव्हता. घरची परिस्थिती शिक्षकाला बदलता येत नाही. पण विश्वासाने बोलता येईल असे एक मोठे माणूस आणि दडपणात वापरता येईल अशी एक-दोन कौशल्ये, यांपैकी निदान एक गोष्ट तो नक्की देऊ शकतो.

रोजची नोंद, परीक्षा आणि रात्रीचे सामने

सराव सुरू होण्याआधी प्रत्येकाने एका वहीत स्वतःच्या हाताने तीन आकडे लिहावेत: काल रात्री किती तास झोप झाली, अंग आणि सांधे दहापैकी किती ठीक आहेत (दहा म्हणजे काहीच दुखत नाही) आणि आज मन दहापैकी किती ठीक आहे. रांगेत उभे करून मोठ्याने विचारले तर सगळे ‘ठीक आहे’ असेच म्हणतात. शक्य असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र पान द्यावे, म्हणजे एकमेकांचे आकडे पाहून लिहिण्याचा मोह होणार नाही. हे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. काही मुले कायम चारच्या पुढे जात नाहीत आणि काहींचे सगळे नेहमी नऊ असते. एखाद्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीवरून घसरला आणि दोन-तीन दिवस तसाच राहिला, तर त्याची दखल घ्यावी.

दखल घेणे म्हणजे त्याला घरी पाठवणे नव्हे. त्या दिवशी त्याला पकडींच्या सरावातून वगळावे आणि पदलालित्य, स्पर्शापुरत्या चढाया, चढाईपटूला ओलांडावी लागणाऱ्या ‘निदान रेषे’वरील पायांचे अंतर अशा अंगावर न येणाऱ्या सरावाला लावावे. सराव झाल्यावर दोन मिनिटे बोलावे. एवढे पुष्कळदा पुरते. मात्र आकडा घसरला की लगेच संघाबाहेर काढले, तर दुसऱ्या दिवसापासून सर्व पानांवर आठ-नऊच दिसू लागतील आणि वही निरुपयोगी होईल.

झोपेबाबत प्रशिक्षकांनी स्वतःकडेही पाहायला हवे. लॉस एंजेलिसमधील किशोरवयीन शालेय खेळाडूंच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज सरासरी आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. अभ्यास लहान होता आणि त्यातून कमी झोप हेच कारण असल्याचे सिद्ध होत नाही; तरीही १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते, हे सर्वमान्य आहे. रात्री नऊपर्यंत शिकवणी, त्यानंतर गृहपाठ आणि पहाटे साडेपाचला मैदानावर हजेरी, असे वेळापत्रक असेल तर ही झोप मिळणार कोठून? सराव तासभर उशिरा घेणे हा दुखापत टाळण्याचा बिनखर्चाचा उपाय आहे. शिस्तीच्या नावाखाली तो नाकारला जातो, याचे आश्चर्य वाटते.

परीक्षेच्या आठवड्यांबाबतही असेच म्हणता येईल. अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघावरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परीक्षांसारख्या अभ्यासाच्या ताणाच्या आठवड्यांत खेळाडूंवर दुखापतींमुळे बंधने येण्याचे प्रमाण एरवीच्या आठवड्यांहून जास्त दिसले. सत्र परीक्षेच्या काळात पूर्ण ताकदीच्या पकडींचा सराव निम्म्यावर आणावा आणि नवीन, अवघड कौशल्य शिकवायला घेऊ नये. सराव पूर्ण बंद करणेही योग्य नाही, कारण अनेक मुलांसाठी मैदानावरचा तासभरच दिवसातील मोकळा वेळ असतो.

कबड्डीत आणखी एक छुपा भार असतो, तो म्हणजे जत्रा, गणेशोत्सव किंवा शिवजयंतीच्या निमित्ताने होणाऱ्या प्रकाशझोतातील स्पर्धांचा. मंडळाचा संघ मुलाला बोलावतो, सामने मध्यरात्रीनंतरही चालतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा शाळेच्या सरावाला काहीच घडले नसल्यासारखा उभा राहतो. सर रागावतील म्हणून तो बोलत नाही. येथे रागवण्याचा मोह आवरावा. ‘रात्री कोणाकडूनही खेळलात तर मला सकाळी सांगा, त्या दिवशी तुम्हाला हलका सराव देईन’ असा सरळ नियम ठेवला, तर निदान खरी माहिती तरी मिळते. बंदी घातल्यास सामने थांबत नाहीत, फक्त सांगणे थांबते.

‘दुखतंय’ हे सांगता आले पाहिजे

या लेखातील एकच गोष्ट अमलात आणायची असेल, तर ती ही असावी, असे मला वाटते. अतिवापराने होणाऱ्या बहुतेक दुखापती, म्हणजे नडगीच्या हाडावरील ताण, गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे, वाढीच्या वयात नडगीच्या वरच्या टोकाशी येणारा दुखरा उंचवटा, या एका रात्रीत होत नाहीत. त्या आठवडेच्या आठवडे वाढत असतात आणि खेळाडूला त्या कळत असतात. एवढेच नव्हे, अचानक तुटणाऱ्या गुडघ्याआधीही पुष्कळदा ‘गुडघा निघाल्यासारखा वाटतो’ अशी तक्रार मुलाने मित्राजवळ केलेली असते. माहिती संघात असते. ती प्रशिक्षकापर्यंत पोहोचत नाही.

ती अडते याला आपली भाषा मोठ्या प्रमाणावर कारणीभूत आहे. ‘खेळाडूला दुखत नसतं’, ‘एवढ्याशा मुरगळण्याने बसलास?’, ‘मर्दासारखा खेळ’ ही वाक्ये आपण इतक्या सहजपणे बोलतो की, त्यांचा अर्थ मुले शब्दशः घेतात याकडे लक्ष जात नाही. क्रेप बँडेज गुंडाळून खेळलेल्या मुलाचा बक्षीस समारंभात खास उल्लेख होतो आणि वेळेवर थांबलेल्याचा होत नाही. संघातील धाकटी मुले यातून काय शिकायचे ते शिकतात.

हे बदलण्यासाठी भाषणापेक्षा नियम उपयोगी पडतात. पहिला नियम हंगामाच्या पहिल्या दिवशी सर्वांसमोर, शक्यतो पालकांच्या उपस्थितीत वाचून दाखवावा: दुखणे सांगितल्यामुळे कोणाचेही संघातील स्थान जाणार नाही, दुखणे लपवल्याचे आढळले तर मात्र बरे होईपर्यंत बसावे लागेल. यात स्थान कायम राहण्याचे वचन नाही, कारण ते कोणताही प्रशिक्षक प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. सांगणे हा निवडीत दोष धरला जाणार नाही, एवढेच वचन आहे, आणि तेवढे पाळले पाहिजे. हंगामात पहिल्यांदा जो मुलगा येऊन ‘सर, दुखतंय’ म्हणेल, त्याला आपण काय उत्तर देतो याकडे उरलेल्या अकरा जणांचे लक्ष असते. त्या वेळी खेळ थांबवून त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे, कोठे आणि केव्हापासून दुखते ते विचारावे आणि संध्याकाळी पुन्हा चौकशी करावी.

दुसरी सोय पर्यायी वाटेची. काही गोष्टी प्रशिक्षकाला सांगणे अवघड असते. मुलींच्या संघात हे प्रकर्षाने जाणवते: पाळी अनियमित होणे किंवा बंद पडणे हे अपुऱ्या आहाराचे आणि हाडे कमजोर होत असल्याचे लक्षण असू शकते, पण पुरुष प्रशिक्षकाजवळ ही गोष्ट किती मुली बोलतील? संघासोबत एक शिक्षिका ठरलेली असावी आणि मुलींनी तिच्याशी काय बोलावे हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे. मुलांच्या संघात ही भूमिका संघनायक किंवा माजी खेळाडू पार पाडू शकतो. जर मुलाच्या ताणाचे मूळ मारहाण, छळ किंवा लैंगिक गैरवर्तन असेल, मग ते घरी असो, वसतिगृहात असो की मैदानावर, तर तो विषय संघात मिटवण्याचा नाही. १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकाची माहिती सर्व मुलांना असावी. मन फारच खचले असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

मुलांना वेदनेची भाषाही शिकवावी लागते, नाहीतर सगळेच ‘दुखणे’ एका मापाने मोजले जाते. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत आहेत, कालच्या बैठकांनंतर दुखणे सुरू झाले आणि दोन-तीन दिवसांत ओसरते आहे, तर काळजीचे कारण नाही. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, सूज असेल, लंगडावे लागत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल किंवा गुडघा दगा देत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे जायला हवे. सामन्याआधी पेनकिलर घेऊन किंवा स्प्रे मारून ही चिन्हे दाबणे म्हणजे आपल्याच हाताने इशारा पुसून टाकणे होय. खेळण्यासाठी गोळी लागते आहे, यावरूनच खेळू नये हे कळते.

थांबणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे असे मुलांना वाटत असेल, तर अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचे उदाहरण जरूर सांगावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर तिने अडीच गिरक्या ठरवल्या होत्या, प्रत्यक्षात दीडच झाल्या, कारण हवेत आपण कोठे आहोत याचे भान सुटत होते. त्या स्थितीत पुढच्या उड्या मारणे मानेवर बेतू शकले असते. तिने स्पर्धेतून माघार घेतली, टीका सोसली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक जिंकले.

दडपण पेलण्याचा सराव

सामन्याच्या दिवशी ‘टेन्शन घेऊ नको’ असे सांगण्याचा काहीही उपयोग होत नाही. दडपण हाताळणे हे पकडीसारखेच कौशल्य आहे आणि ते सरावातच शिकवावे लागते.

सुरुवात श्वासापासून करावी. नाकाने श्वास घेऊन त्याच्या दुप्पट वेळ लावत तोंडाने सोडणे, सोडताना खांदे आणि जबडा सैल करणे, एवढेच पुरे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे, पोटऱ्यांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायुगट आवळून सैल सोडण्याचा सराव केला, तर आवळलेपण म्हणजे काय हे मुलांना आतून ओळखू येऊ लागते. एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. ज्याला आपले अंग आवळले आहे हेच कळत नाही, तो ते सैल तरी कसे सोडणार?

मग नजरेचे काम. चढाईपटूने मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी श्वास सोडत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवावी आणि बचावपटू मनात मोजावेत. चढाई संपताच प्रशिक्षकाने विचारावे, ‘उजवा मध्यरक्षक कोठे होता?’ किंवा ‘साखळी (हात धरून उभ्या बचावपटूंची जोडी) कोणाची होती?’ गुण मिळाला की नाही, हे त्या सरावात विचारूच नये. सुरुवातीला उत्तरे चुकतात. काही आठवड्यांत मुलांना आपण कोणत्या बाजूला आंधळे होतो ते कळू लागते, आणि ते प्रत्येकाचे वेगळे असते.

त्यानंतर तिसऱ्या चढाईचा सराव टप्प्याटप्प्याने चढवत न्यावा. पहिल्या टप्प्यात फक्त स्पर्श, पकड नाही. दुसऱ्यात वेळ मोठ्याने मोजावी. तिसऱ्यात बाहेर बसलेल्यांनी मुद्दाम गोंगाट करावा, आणि त्यानंतरच पूर्ण पकडींना परवानगी द्यावी. हा सराव वॉर्म-अपनंतर लगेच, मुले ताजीतवानी असताना घ्यावा. तो सरावाच्या शेवटी घेण्याची पद्धत सर्रास दिसते, पण थकवा, दडपण आणि धडक या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या की आपण टाळायला निघालेली दुखापत सरावातच ओढवून घेतो.

बचावपटूंना वेगळा धोका असतो. आधीच्या चढाईत फसलेला कोपरारक्षक पुढच्या चढाईत रागाने झेप घेतो. वेळ चुकलेली असते, डोके खाली गेलेले असते आणि चढाईपटूचा गुडघा तोंडावर किंवा मानेवर बसतो. गुण गेल्यानंतर मॅटला हात लावणे, एक दीर्घ श्वास सोडणे आणि साखळीतील जोडीदाराचे नाव मोठ्याने घेणे, असा ठरावीक क्रम प्रत्येक बचावपटूला लावून द्यावा. नाव घेतल्याने लक्ष रागावरून जोडीदाराकडे वळते, आणि एकट्याने झेपावण्याची शक्यता कमी होते.

बाहेरून ओरडण्याबद्दल थोडे कठोरपणे लिहावे लागेल. तीस सेकंदांच्या चढाईत चार दिशांनी येणाऱ्या सूचना मुलाला मदत करत नाहीत, त्याचे उरलेसुरले लक्षही फोडतात. चढाई चालू असताना फक्त एकाच व्यक्तीने, फक्त वेळ सांगावी. बाकीचे सारे मध्यंतरात. चुकीबद्दल मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा तर बंदच व्हावी, कारण तिने चूक सुधारत नाही, पाय थकतात आणि भीती वाढते. पालकांनाही एवढेच सांगावे की, सामन्यानंतर मोटारसायकलवरून घरी जाताना पहिला प्रश्न ‘किती गुण काढलेस?’ असा नसावा. ‘कुठे लागलं नाही ना?’ असा असावा, आणि त्याचे उत्तर ‘थोडंसं’ असे आले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

डोक्याला मार लागला असेल तर

येथे मुलाच्या शब्दावर विसंबू नये. साखळी पकडीत दोन डोकी एकमेकांवर आदळतात, मुलगा उठतो, ‘काही नाही’ म्हणतो आणि पुन्हा उभा राहतो. मेंदूला धक्का बसलेल्या मुलाची स्वतःची पारख करण्याची क्षमताच काही काळ बिघडलेली असते, शिवाय त्याला बाहेर बसायचे नसते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, धूसर दिसणे, गोंधळलेली उत्तरे किंवा नुसती संथ हालचाल, यांपैकी काहीही दिसले वा शंका आली, तरी त्या दिवशी खेळ संपला असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. वारंवार उलटी, शुद्ध हरपणे, झटके, मानेत तीव्र वेदना किंवा वाढत जाणारी डोकेदुखी असल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. प्रत्येक खेळाडूला एक जोडीदार नेमून द्यावा आणि मित्र विचित्र वागत असल्यास पंचांना किंवा सरांना सांगणे ही चहाडी नाही, हे दोघांनाही आधीच समजावून ठेवावे.

दुखापतीनंतर परतताना

एकदा दुखापत झालेला खेळाडू पुन्हा जखमी होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून हा काळही प्रतिबंधाचाच भाग समजावा. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पकडींच्या खेळात परतण्याआधी किमान नऊ महिने जाऊ द्यावेत, असा सल्ला तज्ज्ञ देतात. तरुण खेळाडूंमध्ये पुन्हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण अधिक असल्याने येथे घाई विशेष महागात पडते. पण कॅलेंडरवरचे महिने आणि मांडीची ताकद पुरेशी झाली, तरी मन तयार असेलच असे नाही. घाबरलेला खेळाडू नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो, वळताना अडखळतो आणि पकडीत अर्धवट शिरतो. या अर्धवट शिरण्यातच धोका असतो.

सक्तीच्या विश्रांतीत मुलाला संघाबाहेर ठेवू नये. गुणलेखन, प्रतिस्पर्धी चढाईपटूंच्या सवयींची नोंद, धाकट्यांच्या पदलालित्याचा सराव घेणे अशी खरीखुरी कामे द्यावीत. ‘मी आता कोणीच नाही’ असे ज्याला वाटू लागते, तोच मुदतीआधी मैदानात उतरण्याची धडपड करतो. रोज काही मिनिटे डोळे मिटून आपली नेहमीची चढाई सुरुवातीपासून मध्यरेषेवर परतण्यापर्यंत मनात खेळायला सांगावे. पाय जमिनीवर टेकल्याची, वळल्याची जाणीव त्यात असावी, नुसते चित्र नको.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी परवानगी दिल्यावर परतीच्या पायऱ्या लहान ठेवाव्यात: आधी एकट्याने पदलालित्य, मग स्पर्शाच्या चढाया, मग आधी सांगून केलेली सावकाश पकड, मग न सांगता केलेली, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीनंतर ‘दहापैकी किती भरवसा वाटतो?’ एवढेच विचारावे. आकडा सातच्या खाली असेल, तर तीच पायरी पुन्हा करावी, मग जिल्हा स्पर्धा चार दिवसांवर असली तरी. पहिली पकड कोणी करायची हे मुलालाच ठरवू द्यावे. तो बहुधा संघातील सर्वांत भरवशाच्या मित्राचे नाव घेतो, आणि त्या मित्राला पकड सोडण्याचा इशारा आधी दोघांनी मिळून ठरवून घ्यावा.